इंजिन आमचं, इंधन त्यांचं, भुर्दंड कुणाचा?

परभणीत पेट्रोल राज्यात सगळ्यात महाग, ही बातमी गेली कित्येक वर्षं अधूनमधून येतच असते. कारण उघड आहे. मराठवाड्याच्या मोठ्या भागाला पेट्रोल-डिझेल येतं ते मनमाडजवळच्या पानेवाडीहून, टँकरने. परभणी तिथून ३०० किलोमीटरच्या आसपास. वाहतुकीचा खर्च लिटरमागे चढतो आणि परभणीकर तो भरतात. भाव आकड्यात दिसतो म्हणून त्याची बातमी होते. त्या लिटरात नक्की काय आहे, कशात किती मिसळलंय आणि ते आपल्या गाडीला चालतं का, हे कुठेच दिसत नाही, म्हणून त्यावर कुणी बोलत नाही.

टाकीत पडणारं इंधन चुकलं, भेसळीचं निघालं किंवा सरकारने धोरण म्हणून बदललं, तर त्याचा सगळा खर्च आज गाडीवाल्याच्या खिशातून जातो. ज्याने ते विकलं आणि ज्याने ते ठरवलं, त्यांना झळ लागत नाही. हे बदललं पाहिजे. टाकीत काय आहे ते सांगायची आणि त्यामुळे नुकसान झालं तर ते भरून द्यायची जबाबदारी विकणाऱ्यावर आणि ठरवणाऱ्यावर यायला हवी. मराठवाड्यात राहून हे म्हणायला आणखी एक कारण आहे: नव्या इंधनासाठी, म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळतात त्या उसाच्या अल्कोहोलसाठी (इथेनॉलसाठी), लागणारं पाणीही आपल्याच विहिरी-बोअरमधून उपसलं जातंय. त्याकडे पुढे येतो.

पर्यायी इंधन म्हणजे काहीतरी वाईट, असं मी म्हणत नाही. १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात एक डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचं रेशनिंग आलं तेव्हा आपल्या देशात मोटारींना भट्टी जोडून त्या कोळशाच्या गॅसवर चालवल्या गेल्या. पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळण्यासाठी केंद्राने १९४८ मध्येच कायदा केला होता. आणि इतकं लांब तरी कशाला जायचं? शेतात वीज पोहोचली नव्हती तेव्हा ओढ्याकाठी, नदीकाठी रॉकेलवरची इंजिनं धडधडत असायची. त्यांना दोन टाक्या: लहान पेट्रोलची, मोठी रॉकेलची. पेट्रोलवर सुरू करायचं, इंजिन तापू द्यायचं आणि मग कॉक फिरवून रॉकेलवर घ्यायचं. बंद करायच्या आधी पुन्हा थोडा वेळ पेट्रोलवर, म्हणजे सकाळी दोरी ओढताना त्रास नको. शाळेची पायरी न चढलेला माणूसही हे बिनचूक करायचा. कारण ते इंजिन रॉकेल धरूनच घडवलेलं होतं, त्यात मिश्रण दाबण्याचं प्रमाण (कॉम्प्रेशन) मुद्दाम कमी ठेवलेलं होतं, आणि ते कसं चालवायचं हे विकणाऱ्याने समोर बसून दाखवलेलं होतं.

त्या इंधनासाठी घडवलेलं इंजिन आणि ते कसं चालवायचं हे सांगणारा विक्रेता, या दोन गोष्टी असल्या की कुठलंही इंधन चालतं. त्या नसल्या की काय होतं, ते समजायला इंजिनाच्या पोटात थोडं डोकवावं लागेल.

पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोलची वाफ यांचं मिश्रण साधारण दहापट दाबलं जातं, आणि प्लगची ठिणगी पडेपर्यंत त्याने पेटायचं नसतं. डिझेल इंजिनात नुसती हवा पंधरा-वीसपट दाबून इतकी तापवतात की तिच्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. तिथे प्लगच नसतो. म्हणजे दाबाखाली दम धरणं हा पेट्रोलचा गुण आणि गरम हवा लागताच पेटणं हा डिझेलचा. पहिला गुण ऑक्टेनने मोजतात, दुसरा सिटेनने. एकाच्या जागी दुसरं घातलं की दोघांचे गुणच दोष होतात.

पेट्रोलच्या गाडीत डिझेल पडलं तर ते नीट वाफ होत नाही, प्लग काळे पडतात, धूर येतो, गाडी आचके देत बंद पडते. टाकी रिकामी करून, लाइन धुऊन, प्लग साफ करून बहुतेक वेळा सुटका होते. डिझेलच्या गाडीत पेट्रोल पडणं मात्र महागात जातं. डिझेल हे नुसतं इंधन नसतं, इंजिनाला इंधन पुरवणाऱ्या पंपाचं वंगणही तेच असतं. आजच्या कॉमन रेल इंजिनात डिझेलचा दाब १,६०० ते २,००० बारपर्यंत जातो. मोटारसायकलच्या टायरात हवा दोन-अडीच बार असते, यावरून अंदाज यावा. एवढ्या दाबाखाली फिरणाऱ्या पंपात पेट्रोल गेलं की वंगण धुऊन निघतं, धातूवर धातू घासतो आणि त्याचा कीस रेल नावाच्या सामाईक नळीतून थेट इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलमध्ये जातो. पूर्वीच्या ट्रॅक्टरचे पंप असलं काही पचवून टाकायचे. नव्या गाड्यांत पंप, रेल, चारही नोझल, सगळं खोलावं लागतं.

माझ्या मावसभावाच्या डिझेल गाडीत नांदेड-लातूर रस्त्यावरच्या एका पंपावर असंच पेट्रोल पडलं. त्याने गाडीत बसूनच ‘दोन हजारचं टाक’ म्हटलं, पंपावरच्या पोराने जे नोझल हातात होतं तेच लावलं. त्या मॉडेलची गाडी दोन्ही इंधनांत येते आणि पेट्रोलचं नोझल डिझेलच्या टाकीत सहज बसतं. चारेक किलोमीटरवर गाडीने ओढ सोडली. परत पंपावर गेला तर मॅनेजर म्हणाला, ‘तुम्ही उतरून बघायचं होतं ना.’ दुरुस्तीचा आकडा ऐकल्यावर, सोयाबीनचे पैसे आले की नेतो, असं सांगून त्याने गाडी गॅरेजलाच ठेवली. हंगाम निघून गेला, गाडी तिथेच.

मॅनेजरचं ते वाक्य मला मान्य नाही. परदेशात गिऱ्हाईक स्वतः नोझल हातात घेतं. तिथे चूक त्याची धरली तर समजू शकतो. आपल्याकडे नोझल पंपाच्या माणसाच्या हातात असतं. ते पोरगं दहा-बारा तास उभं असतं, पगार बेताचा, शिकवणं म्हणजे ‘शून्य दाखव आणि टाक’ एवढंच. त्याच्या पगारातून वसूल करा असंही मी म्हणत नाही. पंपाला परवाना मिळतो, कमिशन मिळतं, तर या चुकीचा विमाही पंपानेच काढायला हवा. युरोपात ऑक्टोबर २०१८ पासून पेट्रोलच्या नोझलला गोल आणि डिझेलच्या नोझलला चौकोनी खूण असते, आणि तीच खूण नव्या गाडीच्या टाकीच्या झाकणाशीही असते. वाचता न येणाऱ्यालाही ती जुळवता येते. इतकी स्वस्त सोय आपल्याकडे अजून सक्तीची का नाही?

आणि बिल. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी ग्राहक आयोग आहे, पण तिथे दाखवायचं काय? बिलावर ‘पेट्रोल’ किंवा ‘डिझेल’ असं छापलेलं असतं आणि तुमच्या गाडीच्या आरसी बुकात इंधन लिहिलेलं असतं. दोन कागद शेजारी ठेवले की प्रकरण उभं राहतं. पण आपल्याकडे शंभर-दोनशेचं तेल टाकणारा बिल मागत नाही, मागितलं तर ‘मशीन बंद आहे’ ऐकतो. प्रत्येक भरण्याचं बिल न मागता निघालं पाहिजे. तोवर एवढं तरी ध्यानात ठेवा: चुकीचं इंधन पडल्याचं पंपावरच कळलं, तर चावी लावूच नका. नुसती चावी फिरवली तरी बऱ्याच गाड्यांत टाकीतली मोटर तेल पुढे ढकलते. गाडी ढकलून बाजूला घ्या आणि टाकी तिथेच रिकामी करायला लावा.

चूक एक वेळ समजू शकते. भेसळ ठरवून केलेली असते. रेशनचं निळं रॉकेल डिझेलपेक्षा कितीतरी स्वस्त होतं तेव्हा ते टेम्पोत, काळी-पिवळीत, ट्रॅक्टरमध्ये आणि टँकरमध्येही जायचं. या धंद्यात किती पैसा होता ते २५ जानेवारी २०११ ला सगळ्या देशाने पाहिलं. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना मनमाडजवळ तेलाचा काळाबाजार करणाऱ्यांनी भर दिवसा जिवंत जाळलं. मराठवाड्याचं इंधन ज्या रस्त्याने येतं त्याच रस्त्यावर.

रॉकेलचं अनुदान गेलं, रेशनवरचं रॉकेल जवळपास संपलं, आणि त्या जागी ‘बायोडिझेल’ आलं. खरं बायोडिझेल चांगली वस्तू आहे. वनस्पती तेलात मिथेनॉल आणि अल्कली घालून त्यातलं ग्लिसरीन वेगळं काढतात, तेव्हा कुठे ते डिझेलइतकं पातळ होतं. त्यासाठी भारतीय मानक आहे, किरकोळ विक्रीसाठी २०१९ चे नियम आहेत. हायवेच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये टाकी पुरून जे विकलं गेलं, त्यातलं बरंचसं कारखान्यात वापरायचं स्वस्त तेल होतं. पाटी बायोडिझेलची. ट्रकवाला घेतो, कारण भाड्यात डिझेलचे पैसे निघत नाहीत. नोझल आणि पंप गेल्यावर हिशोब उलटा होतो, पण तोवर शेड दुसऱ्या गावाला गेलेली असते. तालुक्याच्या पुरवठा विभागाला ती शेड दिसत नाही, यावर माझा विश्वास नाही.

आणखी एक ठिकाण आहे जिथे तपासणी कधीच पोहोचत नाही: गावातलं किराणा दुकान. जवळचा पंप पंधरा-वीस किलोमीटरवर, म्हणून पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांत पेट्रोल भरून दारात मांडलेलं असतं. उन्हात तापलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या, झाकणं सैल. कायद्याने ते चूक आहे आणि आगीच्या दृष्टीने धोक्याचं आहे. पण रात्री बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचं असेल तर तीच बाटली कामाला येते, त्यामुळे नुसत्या धाडी टाकून हा प्रश्न सुटणार नाही. गावांजवळ लहान पंप देणं हाच उपाय आहे. मोठ्या पंपावर निदान हक्क तरी आहेत. २००५ च्या आदेशाने भेसळीविरुद्ध कारवाईची तरतूद केली आहे आणि पंपावर फिल्टर पेपर मागता येतो. नोझल पुसून पेपरवर थेंब टाकला की पेट्रोल दोन मिनिटांत उडून जातं. डाग मागे राहिला तर संशय घ्यायचा. मागून बघा. लोक आपल्याकडे कसे बघतात, तेही कळेल.

आता त्या बदलाकडे येतो जो कुणी चोरून केलेला नाही, सरकारने जाहीरपणे केला आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल. जून २०२२ मध्ये देशाने १० टक्क्यांचा टप्पा गाठला. २० टक्क्यांचं लक्ष्य आधी २०३० चं होतं, ते अलीकडे ओढलं आणि २०२५ मध्ये ते गाठलंही. आज पंपावर मिळतं ते साधं पेट्रोल म्हणजे हेच वीस टक्क्यांचं. पूर्णपणे वीस टक्के धरून बनवलेल्या दुचाकी-चारचाकी बाजारात येऊ लागल्या एप्रिल २०२३ नंतर. त्याआधीच्या गाड्यांचं काय?

मराठवाड्यात हा प्रश्न पुण्या-मुंबईपेक्षा जास्त टोचतो. इथे दहा-पंधरा वर्षं जुनी शंभर सीसीची मोटारसायकल घराचा कणा असते. तिच्यावर दुधाच्या कॅन जातात, खताची गोणी येते, दोन पोरं शाळेला जातात. ती बदलायची म्हणजे कर्ज.

आमच्या तालुक्याच्या गावी बसस्टँडमागे एका चाचांचं गॅरेज आहे. पावसाळ्यात तिथे बंद पडलेल्या मोटारसायकलींची रांग लागते. मागच्या पावसाळ्यात त्यांनी माझ्यासमोर एका गाडीच्या कार्बोरेटरची वाटी सोडवली आणि आतलं सगळं एका स्वच्छ बाटलीत ओतलं. जरा वेळ ठेवलं. खाली बोटभर पाणचट थर, वर पिवळसर पेट्रोल, मधली रेघ स्पष्ट. मग टाकीपासून येणारी रबरी नळी कापून माझ्या हातात दिली. ‘सर, ही दाबून बघा. पहिल्यासारखी लागती का हाताला?’ नळी फुगलेली होती, चिकट होती, आणि तोंडाशी बारीक चिरा पडलेल्या होत्या.

त्या बाटलीतलं शास्त्र असं आहे. इथेनॉल पाणी ओढून घेतं. पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत पावसाचं पाणी झिरपलं, किंवा गाडीच्या टाकीत दमट हवेचं पाणी जमलं, तर थोडं पाणी ते सामावून घेतं. मर्यादा ओलांडली की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर खाली बसतं. नुसत्या पेट्रोलमध्ये तळाला चमचाभर पाणी राहायचं. आता पाणी आणि इथेनॉल मिळून मोठा थर होतो, आणि टाकीची नळी तळातूनच ओढते. वर उरलेल्या पेट्रोलचं ऑक्टेनही घसरतं. जुन्या गाड्यांतली रबरं आणि काही धातू यांना इथेनॉल मानवत नाही, हेही नवं ज्ञान नाही.

एका गॅरेजवरून देशाचा निष्कर्ष काढू नये, हे मला कळतं. ती नळी वयानेही चिरली असेल. म्हणून सरकारचंच म्हणणं घेऊ. नीती आयोगाच्या जून २०२१ च्या अहवालात लिहिलंय की, साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि दहा टक्क्यांसाठी जुळवलेल्या गाडीत वीस टक्क्यांचं पेट्रोल घातलं, तर चारचाकीचं अ‍ॅव्हरेज ६ ते ७ टक्के आणि दुचाकीचं ३ ते ४ टक्के घटतं. हे होणारच, कारण लिटरला लिटर धरलं तर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांश कमी ऊर्जा असते. ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने नुकसानीच्या तक्रारी फेटाळल्या, पण त्याच खुलाशात असंही सांगितलं की काही जुन्या गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, आणि ते स्वस्त आहेत.

स्वस्त कुणाला? रोज लिटरभर पेट्रोल लागणाऱ्या माणसाचा हिशोब करा. लिटर १०५ रुपये धरलं, घट साडेतीन टक्के धरली, तर वर्षाला तेराशे-चौदाशे रुपये नुसत्या अ‍ॅव्हरेजमध्ये गेले. त्यावर नळ्या, गॅस्केट, मिस्त्रीची मजुरी, आणि गाडी उभी राहिली त्या दिवसांची रोजी. दूध घालणाऱ्या पोराला हा आकडा लहान नाही. आणि हा खर्च त्याने का करायचा? इंजिन त्याने बदललेलं नाही, इंधन बदललंय.

वीस टक्क्यांच्या बाजूने जे सांगितलं जातं त्यात तथ्य आहे. कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त आपण बाहेरून आणतो. इथेनॉलने परकीय चलन वाचतं आणि कारखान्यांकडे पैसा आल्याने उसाची बिलं निघायला मदत झाली. देशाच्या हिताचं आहे म्हणता, तर मी मान्य करतो. पण मग देशाच्या हिताचा खर्च देशाने करावा. पेट्रोलच्या प्रत्येक लिटरवर उत्पादन शुल्क आहे, राज्याचा कर आहे. ऊर्जा कमी दिली तर तेवढा कर कमी करा. २०२३ पूर्वीच्या दुचाकीला रबरी भागांचा संच कंपन्यांकडून किंवा सरकारकडून एकदा फुकट बसवून द्या. ‘काही होत नाही’ असं तोंडी सांगण्याऐवजी, झालं तर भरून देऊ, असं लिहून द्या.

आणि निवड द्या. ब्राझीलचं उदाहरण सारखं दिलं जातं. तिथे ऑगस्ट २०२५ पासून पेट्रोलमध्ये ३० टक्के इथेनॉल आहे. पण ब्राझीलने हे काम १९७५ मध्ये सुरू केलं, २००३ पासून तिथे दोन्ही इंधनांवर चालणाऱ्या गाड्या विकल्या जातात, आणि पंपावर मिश्र पेट्रोल व नुसतं इथेनॉल अशी दोन्ही नोझलं शेजारी असतात. इथेनॉलचा भाव पेट्रोलच्या सत्तर टक्क्यांखाली आला की तिथला माणूस ते घेतो, नाहीतर नाही. ब्रिटनने सप्टेंबर २०२१ मध्ये दहा टक्के आणलं तेव्हा जुन्या गाड्यांसाठी पाच टक्क्यांचं पेट्रोल ठेवलं. अमेरिकेत पंधरा टक्क्यांच्या नोझलवर, २००१ आणि त्यानंतरच्या गाड्यांसाठीच, असा इशारा चिकटवावा लागतो. आपल्याकडे अशी मागणी घेऊन लोकहित याचिका गेली, ती सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ ला फेटाळली. न्यायालयाने धोरणात हात घातला नाही, हे ठीक. पण त्यामुळे मागणी चुकीची ठरत नाही, ती आता लोकप्रतिनिधींकडे न्यायची आहे. दोन प्रकार ठेवणं अवघड आहे असं सांगतात. त्याच पंपांवर जास्त ऑक्टेनचं महागडं पेट्रोल वेगळ्या नोझलने वर्षानुवर्षं विकलं जातंय. महाग गाडीवाल्यासाठी वेगळी टाकी जमते, तर जुन्या मोटारसायकलवाल्यासाठीही जमेल.

आता पाणी. आपल्या भागापुरता हा या प्रश्नाचा सगळ्यात जड भाग आहे आणि पेट्रोलच्या चर्चेत तो नेमका बाहेर राहतो.

१२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला पोहोचली. मांजरा धरण कोरडं पडलं होतं, घागरींच्या रांगांवरून भांडणं होऊ नयेत म्हणून शहरात जमावबंदी लावावी लागली होती. त्या पहिल्या गाडीत पाच लाख लिटर पाणी होतं. आता नीती आयोगाचा तोच २०२१ चा अहवाल उघडा. त्यात म्हटलंय की साखरेपासून केलेल्या एक लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी लागतं. म्हणजे लातूरने ज्या रेल्वेची डोळ्यांत प्राण आणून वाट पाहिली, तिच्यातल्या सगळ्या पाण्याचं इथेनॉल होतं १७५ लिटर. पंपावर येणारा बारा हजार लिटरचा एक टँकर घ्या. त्यात २,४०० लिटर इथेनॉल. त्यामागचं पाणी जवळपास ६९ लाख लिटर, म्हणजे तशा तेरा-चौदा रेल्वे.

यातलं काही पाणी पावसाचं असतं, हे बरोबर. पण मराठवाड्याचा वर्षाचा सरासरी पाऊस सातशे मिलिमीटरच्या आत-बाहेर, आणि उसाची तहान त्याच्या दुप्पट-तिप्पट. उरलेलं कॅनॉलमधून, विहिरीतून आणि आता सहाशे-आठशे फुटांच्या बोअरमधून येतं. मळीपासूनच्या इथेनॉलवर माझा आक्षेप नाही. साखर काढून उरलेल्या शेवटच्या मळीला वेगळं पाणी लागत नाही. ती वाया घालवण्यापेक्षा तिचं इंधन झालेलं बरंच. आक्षेप आहे तो साखर न करता थेट रसापासून इथेनॉल काढण्यावर, कारण तिथे ऊस इंधनासाठीच वाढवला जातो. दुष्काळाचं वर्ष आलं की सरकारलाही हे कळतं: ७ डिसेंबर २०२३ ला उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलवर बंदी घातली होती, आठवड्याभरात ती सैल केली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये उठवली. त्या वेळचं कारण साखरेच्या भावाचं होतं. पाण्याचं कारण कुणी काढलंच नाही, जरी २०१९ मध्ये विभागीय आयुक्तांच्या अहवालाने मराठवाड्यात ऊसच नको अशी शिफारस केली होती.

ऊस लावणाऱ्या शेतकऱ्याला मी दोष देणार नाही. सोयाबीन हमीभावाच्या खाली जातं, कापसाला बोंडअळी, तुरीचा भरवसा नाही. उसाला निदान कायद्याने ठरलेला दर आहे, तोडणीची टोळी बांधावर येते, कारखाना नेतो. खात्रीच्या एका पिकाकडे माणूस वळणारच. म्हणून बंदीचा कागद काढून काही होणार नाही. तेवढ्याच खात्रीचं दुसरं पीक द्यावं लागेल.

ते पीक आपल्याकडे आहे. सिल्लोड, कन्नड, फुलंब्री, भोकरदन या पट्ट्यात खरिपाचा मका पावसावर येतो. एक टन ऊस गाळला तर त्याच्या रसापासून ७० लिटर इथेनॉल निघतं, एक टन मक्यापासून ३८० लिटर. मक्याच्या इथेनॉलला सरकार लिटरमागे ७१ रुपये ८६ पैसे देतं, उसाच्या रसाच्या इथेनॉलला ६५ रुपये ६१ पैसे. उरलेला चोथा जनावरांना आणि कोंबड्यांना घालता येतो. तरीही २०२५-२६ साठी हमीभाव २,४०० रुपये क्विंटल असताना मका बाजारात त्याच्या बराच खाली विकला गेला, म्हणजे इथेनॉलचा वाढीव दर शेतकऱ्यापर्यंत आलाच नाही. जो प्रकल्प सरकारी दराने इथेनॉल विकतो, त्याच्यावर हमीभावाने मका घेण्याची अट हवी. ऊस उचलण्याची जशी जबाबदारी असते, तशी.

यंत्रसामग्रीची अडचणही पुढे करू नये. मार्च २०२५ मध्ये केंद्राने सहकारी साखर कारखान्यांसाठी व्याजसवलतीची योजना काढली आहे: उसावर चालणारा इथेनॉल प्रकल्प मका आणि खराब झालेलं धान्य यांवरही चालेल असा करून घेण्यासाठी. मराठवाड्यातल्या किती कारखान्यांनी त्यासाठी अर्ज केला, हे सभासदांनी येत्या वार्षिक सभेत संचालकांना उभं राहून विचारावं आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावं.